बांधीतला उकाडा आणि दिल्लीतली यादी

२०२६ मध्ये माघ पौर्णिमा १ फेब्रुवारीला होती. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या डोंगरात माघ पौर्णिमेच्या सुमारास कोया पुनेमची यात्रा भरते. मुंबई-हावडा मार्गावरच्या दरेकसा या एरवी सुस्त असणाऱ्या स्थानकावर गर्दी उतरते, धनेगावात सप्तरंगी झेंडे लागतात आणि पिवळे फेटे बांधलेली माणसे ‘जय सेवा’ म्हणत जंगलवाटेने गुहेकडे चढू लागतात. गुहेत कोंडलेल्या मुलांची पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी सुटका केली ती हीच जागा, अशी गोंड समाजाची श्रद्धा आहे. महाराष्ट्रासह मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशा इथून काही लाख लोक येतात. मध्य भारताचा सगळा जंगलपट्टा त्या चार-पाच दिवसांत एका डोंगराच्या पायथ्याशी मुक्कामाला असतो, असे म्हटले तरी चालेल.

आरोग्य-विज्ञानाच्या सदरात यात्रेचे काय काम, असे वाटेल. पण हवामान बदल आणि आरोग्य यांवरचा कोणताही मोठा अहवाल उघडा. सुरुवातीच्या पानांतच ‘सर्वाधिक जोखमीचे समाजघटक’ म्हणून आदिवासी, शेतमजूर, स्त्रिया, मुले यांची नावे सापडतात. कचारगडची वाट चढणारे बहुतेक जण यांपैकी एका तरी रकान्यात बसतात, अनेक जणी तर तीन रकान्यांत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायचा, पावसाळ्यात धानाची रोवणी करायची, असे त्यांचे वर्ष. त्याच अहवालाच्या मागच्या पानांत ‘संशोधनाचे अग्रक्रम’ अशी यादी असते. तिथे मात्र या वर्षातला एखादा प्रश्न शोधूनच काढावा लागतो. याद्या करणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मला वाटत नाही. गोम आहे ती मोजमापात.

विषय आत्ताच काढण्याचे कारण पैशांचे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेम इथे झालेल्या हवामान परिषदेत आरोग्यासाठीचा ‘बेलेम कृती आराखडा’ मांडला गेला आणि जगातल्या पस्तीसहून अधिक देणगीदार संस्थांनी या विषयासाठी ३० कोटी डॉलर जाहीर केले. पैसा आला की तो कशावर खर्चायचा याची यादी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने अशी पहिली जागतिक यादी २००९ मध्ये केली होती. आपल्याकडे मात्र आरोग्य या चर्चेत उशिराच आले. २००८ च्या राष्ट्रीय हवामान कृती आराखड्यात आठ मोहिमा होत्या. सौर ऊर्जा, ऊर्जाबचत, शहरे, पाणी, हिमालय, वने, शेती आणि ज्ञानसंचय. माणसाची प्रकृती त्यांत नव्हती. ती चूक सुधारायला अकरा वर्षे लागली. २०१९ मध्ये ‘राष्ट्रीय हवामान बदल व मानवी आरोग्य कार्यक्रम’ सुरू झाला आणि तो दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे सोपवण्यात आला. आता राज्यांचेही आराखडे आहेत. ‘आयसीएमआर’च्या भोपाळ आणि अहमदाबाद इथल्या संस्था पर्यावरण व कामगारांच्या आरोग्यावर काम करतात. म्हणजे घर बांधून झाले आहे, आत काय शिजवायचे ते ठरायचे आहे.

ते ठरवण्याची एक रीतसर पद्धत आहे. मुलांच्या आरोग्य-पोषणावरील संशोधनासाठी दोन दशकांपूर्वी ती तयार झाली. ‘आयसीएमआर’ने माता-बाल आरोग्याचे अग्रक्रम तिच्याच आधारे लावले होते. आधी तज्ज्ञांकडून शेकडो प्रश्न मागवायचे. मग प्रत्येक प्रश्नाला पाच कसोट्यांवर गुण द्यायचे. याचे उत्तर मिळू शकेल का? उत्तरातून निघणारा उपाय गुणकारी ठरेल का? तो लोकांपर्यंत पोहोचवता येईल का? त्याने आजाराचा भार किती कमी होईल? आणि दुबळ्या घटकांना त्याचा लाभ होईल का? गुणांची बेरीज करून यादी वरून खाली लावायची. कुणा एका बड्या प्राध्यापकाच्या लहरीवर पैसा जाण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

तरी या चाळणीची भोके नीट पाहिली पाहिजेत. पहिली कसोटीच ‘उत्तर मिळू शकेल का’ अशी आहे. जिथे वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत तिथल्या प्रश्नाला तिच्यावर चांगले गुण मिळतात. चौथी कसोटी आजाराच्या भाराची. जिथे मृत्यूचे कारण नोंदले जाते तिथलाच भार दिसतो. आणि मुळात प्रश्न कुणीतरी लिहून पाठवला असेल तरच त्याला गुण द्यायचे. ज्या डॉक्टरने कधी रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधावर उभे राहून पाहिलेले नाही, त्याला रोवणीचा प्रश्न सुचणार कसा?

नोंदी असल्या की काय होते, याचे चांगले उदाहरण पुण्याचे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी शहरातले तापमान, पाऊस, आर्द्रता आणि डेंग्यूचे मृत्यू यांचा मेळ घालून जानेवारी २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २७ अंशांवरची उष्णता, बेताचा पण सलग पाऊस आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता एकत्र आली की डेंग्यू वाढतो. याच चालीने तापमान वाढत गेले तर पुण्यातले डेंग्यूचे मृत्यू २०४० पर्यंत सुमारे १३ टक्क्यांनी आणि त्यापुढच्या वीस वर्षांत २५ ते ४० टक्क्यांनी वाढू शकतात, असा त्यांचा अंदाज. यातून पूर्वसूचना देणारी व्यवस्था उभी राहू शकते. काम उत्तम आहे. त्याला हवामानाच्या नोंदी मिळाल्या आणि मृत्यूच्याही मिळाल्या, म्हणून ते झाले. सालेकशात हिवतापाचे असेच गणित मांडायचे म्हटले तर?

हिवतापाचेच घेऊ, कारण त्यातला प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. उष्णता वाढली की डास वाढतात आणि हिवतापही वाढतो, असे आपण गृहीत धरतो. डासाच्या पोटात परजीवी वाढायला ऊब लागते हे खरे. पण २५ अंशांच्या आसपास हा व्यवहार सर्वांत जोरात चालतो आणि ३४ अंशांच्या पुढे तो जवळपास थांबतो. म्हणजे विदर्भातला मे महिना आणखी तापला तर हिवताप कदाचित कमीच होईल. उलट हिवाळ्यातल्या रात्री उबदार झाल्या तर पूर्वी नोव्हेंबरात संपणारा हंगाम पुढे लांबेल. २०२५ चा फेब्रुवारी हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. त्यातच हा जिल्हा मामा तलावांचा, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावांचा, बोड्यांचा आणि पाणी साचवून ठेवलेल्या धानाच्या बांध्यांचा. डोंगरातल्या ओढ्यांवर एका जातीचा डास, सपाटीवरच्या साठलेल्या पाण्यात दुसऱ्या जातीचा. पाऊस लांबला की दोघांचे वेळापत्रक वेगवेगळे बदलते. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीने २०१८ च्या अहवालात सांगितले होते की देशाच्या लोकसंख्येत आदिवासी ८.६ टक्के, पण हिवतापाच्या रुग्णांत त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के आणि हिवतापाच्या मृत्यूंत सुमारे ५० टक्के. आदिवासींच्या आरोग्याचे वेगळे आकडेच हाती नसतात, ही तक्रारही त्याच अहवालात आहे.

आता उष्णतेकडे येतो. यादीत ती हमखास वर असते, त्यामुळे इथे तरी विदर्भाला न्याय मिळाला असेल असे वाटते. पण कोणत्या उष्णतेला? सपाट प्रदेशात पारा ४० अंशांवर गेला आणि तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असला की हवामान विभाग उष्णतेची लाट जाहीर करतो. ४५ अंश झाले तर सरासरीही पाहावी लागत नाही. ही मे महिन्यातली कोरडी, पांढरी उष्णता. विदर्भातला माणूस तिला ओळखून असतो. डोक्याला दुपट्टा बांधतो, कैरीचे पन्हे पितो, दुपारी घराबाहेर पडत नाही. तेंदूपत्ता तोडणाऱ्यांना त्यातही सुट्टी नसते, पण निदान ते पहाटे निघून उन्हाच्या आत परतू पाहतात.

धानाच्या रोवणीत ही सोय नाही. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, पाऊस झाला की लगेच, बायांचे जथे बांधीत उतरतात. चिखलात पोटऱ्यांपर्यंत पाय, कंबर वाकलेली, एका हातात पऱ्ह्यांची जुडी. पारा तेव्हा ३३-३४ वर असतो, म्हणजे कोणत्याही व्याख्येने लाट नाही. पण पाऊस थांबून ऊन पडले की हवा दमट होते आणि घाम वाळतच नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते. तो नुसताच गळत राहिला तर पाणी आणि मीठ जाते, ताप मात्र आत राहतो.

हा दमट उकाडा मोजायचे साधन जुनेच आहे: तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळायचे. असे ‘ओले’ तापमान ३५ अंशांवर गेले तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे तग धरणार नाही, असे गणित २०१० मध्ये मांडले गेले. २०२२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका विद्यापीठाने तरुण, निरोगी अमेरिकनांना दमट खोलीत बसवून, हलकी हालचाल करायला लावून पाहिले, तेव्हा शरीराचा तोल ३१ अंशांच्या आसपासच ढळू लागला. आता त्या तरुणांच्या जागी पंडुरोग असलेली, सकाळी चहा आणि शिळ्या भातावर निघालेली, सात तास वाकून काम करणारी चाळिशीतली बाई ठेवा. तिची मर्यादा किती? पाय पाण्यात असल्याने तिला गारवा मिळतो, की उन्हाने तापलेले ते पाणी उलट त्रास देते? लघवी लागू नये म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नाही, त्याचा मूत्रपिंडांवर काय परिणाम होतो? हे तिन्ही प्रश्न फार खर्च न करता सोडवता येण्याजोगे आहेत. उष्णतेच्या आजारांवरची राष्ट्रीय देखरेख मात्र मार्चपासून ३१ जुलैपर्यंत चालते. रोवणी तेव्हा ऐन भरात असते.

दमट उकाड्याचा धडा महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर घेतलेला आहे. त्या दिवशी तिथे १४ जणांचे बळी गेले आणि जवळच्या नोंदीत कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. तिथे निदान कॅमेरे होते, रुग्णवाहिका होत्या, रुग्णालये जवळ होती. बांधीत चक्कर येऊन पडलेल्या बाईला बांधावर निजवतात, तोंडावर पाणी मारतात आणि संध्याकाळी घरी नेतात. रात्री काही झाले तर ‘ताप आला होता’ एवढीच नोंद, तीही झाली तर.

हा फरक जागतिक हिशेबातही शिरतो. २०३० ते २०५० या काळात हवामान बदलामुळे जगात दरवर्षी सुमारे अडीच लाख अतिरिक्त मृत्यू होतील, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आपण नेहमी वाचतो. त्याची फोड अशी: मुलांचे कुपोषण ९५ हजार, हिवताप ६० हजार, अतिसार ४८ हजार आणि उष्णता ३८ हजार. उष्णतेच्या रकान्यात धरलेले मृत्यू फक्त वृद्धांचे आहेत. काम करणारी बाई त्या गणितातच नाही. आणि कुपोषणाचा आकडा सर्वांत मोठा असूनही आपल्या चर्चेत तो शेवटी येतो. धानाच्या जिल्ह्यात त्याला आणखी एक पदर आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड या शतकाच्या मध्यापर्यंत जिथवर जाईल असा अंदाज आहे, तेवढ्या प्रमाणात पिकवलेल्या तांदळात प्रथिने सुमारे ८ टक्क्यांनी, लोह ५ टक्क्यांनी आणि जस्त ३ टक्क्यांनी कमी भरले, असे २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले. ज्याच्या ताटात भाताबरोबर डाळ, अंडी, भाजी असते त्याला हे जाणवणार नाही. ज्याच्या ताटात भातच आहे त्याचे काय, हे गोंदियात विचारायला हवे.

माझ्या दृष्टीने या पट्ट्याचा सर्वांत मोठा न विचारलेला प्रश्न सिकलसेलचा आहे. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये केली. तेव्हापासून पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी ओळखीचा झाला आहे. ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, ही अक्षरे इथल्या खेड्यातल्या आईला तोंडपाठ असतात. मध्य भारतातला सिकलसेल सौम्य असतो अशी बरीच वर्षे समजूत होती. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी जन्मापासून मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा ती खोटी ठरली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, हे तिचे लक्ष्य.

या आजारात रक्तातल्या लाल पेशी ऑक्सिजन कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून उठणाऱ्या कळा इतक्या भयंकर असतात की धडधाकट गडी जमिनीवर लोळतो. पेशीतले पाणी कमी झाले की आतले हिमोग्लोबिन दाट होते आणि वाकण्याची क्रिया भराभर होते. म्हणूनच प्रत्येक डॉक्टर रुग्णाला सांगतो: भरपूर पाणी पी, उन्हात राबू नको, अतिश्रम टाळ. या सल्ल्यासमोर वर वर्णन केलेली रोवणी ठेवून पाहा. दमट उकाडा, सात तास काम, पाणी न पिणे आणि सोबतीला पावसाळ्यातले संसर्ग. कळा आणण्यासाठी मुद्दाम बेत आखला तर याहून वेगळा आखता येणार नाही.

मग हवामान आणि सिकलसेलच्या कळा यांचे नाते काय? यावर अभ्यास झाले आहेत, पण ते लंडन-पॅरिससारख्या शहरांत. तिथे चर्चा थंडीची आणि वाऱ्याची होते, आणि तिथले निष्कर्षही एकमेकांशी नीट जुळत नाहीत. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या जुलै-ऑगस्टबद्दल त्यांतून काहीच कळत नाही. हा प्रश्न दिल्लीच्या यादीत वर येत नाही, कारण तो कुठल्याच विभागाचा नाही. सिकलसेलची मोहीम वेगळी, उष्णतेची देखरेख वेगळी, हिवताप तिसरीकडे. शरीर मात्र एकच असते. शिवाय निसर्गाने या तिन्हींची गाठ आधीच मारून ठेवली आहे: सिकलसेलचे जनुक या पट्ट्यात टिकले ते वाहकाला घातक हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते म्हणून. हिवतापाचा हंगाम हलला तर वाहकांचे आणि रुग्णांचे काय होईल, हे विचारणारा शास्त्रज्ञ इथे येऊन राहिला पाहिजे.

एकदा नीट मोजले की यादी कशी उलटीपालटी होते, हे आपण सर्पदंशाच्या बाबतीत पाहिले आहे. रुग्णालयांच्या अधिकृत आकड्यांवरून सर्पदंश हा किरकोळ प्रश्न वाटत असे. मग दहा लाख मृत्यूंचा पाठपुरावा करणाऱ्या राष्ट्रीय अभ्यासात प्रशिक्षित माणसे घरोघरी गेली. मृताच्या घरच्यांशी बोलून, शेवटच्या दिवसांची हकिकत लिहून घेऊन, डॉक्टरांकडून कारण ठरवून घेतले. २००५ या एका वर्षात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार मृत्यू झाले, असे २०११ मध्ये जाहीर झाले. रुग्णालयांच्या आकड्यांच्या तीसपटीहून अधिक! बहुतेक माणसे दवाखान्यात पोहोचलीच नव्हती, म्हणून कागदावर आली नव्हती. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले आणि मार्च २०२४ मध्ये आपल्या केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा काढला. साप तेवढेच होते, मोजणी बदलली.

देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण लिहिलेले मृत्यू २०२० मध्ये अवघे २२.५ टक्के होते. तेव्हा ‘उष्माघाताने मृत्यू’ असे लिहिलेले कागद मोजत बसण्यात अर्थ नाही. अहमदाबादने ते केले नाही. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. उष्माघात म्हणून नोंद झालेले मृत्यू फार थोडे होते. संशोधकांनी महापालिकेच्या नोंदवहीतले रोजचे सगळे मृत्यू घेतले, इतर वर्षांच्या त्याच दिवसांशी ताडून पाहिले आणि त्या महिन्यात १,३४४ मृत्यू जादा झाल्याचे दाखवून दिले. कारण कुणी लिहिले आहे का, याची गरजच पडली नाही. त्यातून २०१३ चा उष्णता कृती आराखडा निघाला आणि पुढे नागपूरसह अनेक शहरांनी तसेच आराखडे केले.

ग्रामीण विदर्भात हे करता येईल का? हवामानाची बाजू तयार आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातल्या दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे बसली आहेत. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस, सगळे दर दहा मिनिटांनी नोंदले जाते. ही केंद्रे आली प्रामुख्याने पीक विम्यासाठी. धानाला किती ऊन लागले हे आपण मंडळागणिक सांगू शकतो, धान लावणाऱ्या बाईला किती लागले हे सांगत नाही.

अडचण संख्येची आहे. गोंदिया जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सव्वातेरा लाखांच्या आसपास. हजारी सहा-सात मृत्यू धरले तर दिवसाला वीस-पंचवीस. त्यात दोन-चारची वाढ उष्णतेने झाली की योगायोगाने, हे एका हंगामात ओळखता येणार नाही. सालेकशासारख्या एका तालुक्यात तर दिवसाला दोन मृत्यूही होत नाहीत. म्हणून गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर असे चार जिल्हे आणि किमान आठ-दहा वर्षे एकत्र घ्यावी लागतील. त्यासाठी मृत्यूची तारीख आणि गाव बरोबर लिहिलेले हवे. नवे यंत्र, नवी इमारत काही लागत नाही. लागतो तो ग्रामसेवक, आशाताई आणि एखादा संख्याशास्त्रज्ञ, आणि दोन खात्यांनी एकमेकांना माहिती देण्याची तयारी. यातली शेवटची गोष्ट सर्वांत महाग पडते, हा अनुभव ज्याला त्याला ठाऊक आहे.

राहिला मुद्दा विचारणाऱ्याचा. शेजारच्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८६ पासून केलेल्या कामाची एक बाजू इथे महत्त्वाची आहे. शोधग्रामात दंतेश्वरीच्या यात्रेला आदिवासी गावांचे प्रतिनिधी जमतात, तिथे आरोग्य संसद भरते आणि कोणते दुखणे आधी हातात घ्यायचे हे लोक सांगतात. याच जिल्ह्यातल्या गावांत गावच्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि २०११ पासून ‘आशां’मार्फत तो राष्ट्रीय कार्यक्रम झाला. दिल्लीच्या यादीत कुणी आधी लिहून ठेवले होते म्हणून हे घडले नाही.

कचारगडला अशी संसद भरावी, असे सुचवताना मला जरा भीती वाटते. लाखो गोंड एका जागी येतात म्हटल्यावर रक्ताच्या नळ्या घेऊन पथके धावतील. देवाला आलेल्या माणसाची बाही वर करून सुई टोचायची, नमुना दूरच्या प्रयोगशाळेत न्यायचा आणि निष्कर्ष इंग्रजी नियतकालिकात छापायचे, हा प्रकार आदिवासींनी पुरेसा भोगला आहे. यात्रेच्या आयोजकांनी बोलावले तरच जावे, आणि गेलेच तर नळी न घेता वही घेऊन जावे. पाच-सहा राज्यांतल्या गावांचे लोक तिथे शेकोटीभोवती बसलेले असतात. त्यांना इतकेच विचारावे: तुमच्याकडे मोह केव्हा फुलायचा, आता केव्हा फुलतो? हिवताप कोणत्या महिन्यात सुरू होतो, केव्हा थांबतो? रोवणीच्या दिवसांत गावात कोण गेले, कसे गेले? बालाघाटचा माणूस एक सांगेल, बस्तरचा दुसरे, आदिलाबादचा तिसरे. त्यातून वीस प्रश्न निघाले आणि गुण देण्याआधी ते तज्ज्ञांच्या टेबलावर पोहोचले, तरी चाळणीत धान्य वेगळे पडेल. मग उत्तरे घेऊन पुढच्या माघ पौर्णिमेला त्याच वाटेने परत यावे लागेल, कारण लोक तिथेच भेटतील आणि विचारतील.

यात्रा संपली की माणसे गावी परततात. मार्चमध्ये मोह गळू लागतो, मे महिन्यात तेंदूचे फड लागतात आणि मृग बरसला की पऱ्हे टाकली जातात. महसूल मंडळातल्या केंद्राचा खांब तोवर दर दहा मिनिटांनी आर्द्रता लिहीत राहील. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीतही तारीख, वय आणि गाव एवढे तीन रकाने भरले जातील. या दोन नोंदी शेजारी-शेजारी ठेवून पाहायच्या आहेत.